पाच घरं बाटून झाले

आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो, म्हणून मोबाईलवर नळाचा एक ग्रुप आहे. नळ सुटला की कोणीतरी "आला" एवढंच लिहितं आणि सगळी गल्ली बादल्या घेऊन धावते. दुसरं काही त्या ग्रुपवर टाकायचं नाही, असा नियम आहे. तो मी मोडला. मुद्दाम नाही, पण असा मोडला की एका म्हातारीच्या जिवावर बेतलं, आणि मला देवळाच्या सभामंडपात चारचौघांपुढे उभं राहावं लागलं.

मी धामणगाव बढ्याची. म्हणजे सासर इथलं, माहेर बुऱ्हाणपूरचं. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होते, आता निवृत्त. गाव मला अजून सिस्टरच म्हणतं. गावात आमची ख्रिस्ती घरं तीन, बाकी गल्ली शेतकऱ्यांची. भांडणतंटा कधी नव्हता. नाताळात माझ्या करंज्या गल्ली खायची, दिवाळीत गल्लीचा चिवडा मी खायचे, आणि कुणाच्या चिवड्यात तेल जास्त झालंय ते तोंडावर सांगायचे. माझं तोंड तिखट आहे. हे मीच सांगून टाकते, नाहीतर दुसरं कुणी सांगेल आणि मीठमसाला लावून सांगेल.

नवरा गेला त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून माझी प्रार्थना कोरडी पडली होती. गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, ठरलेलं म्हणायचे आणि उठून भाजी चिरायला लागायचे. समोर कुणी ऐकतंय असं वाटतच नव्हतं. एका रविवारी बुलढाण्याला चर्चमधली उपासना आटोपल्यावर मी हे आमच्या पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, लोकांत जा. घासातला घास वाटा. विश्वास बसल्या जागी वाढत नाही."

मी फटकन म्हटलं, "चौतीस वर्षं लोकांतच होते की. अजून किती सेवा करू?"

"ती नोकरी होती, सिस्टर," ते शांतपणे म्हणाले.

मला ते इतकं झोंबलं की परतीच्या बसमध्ये मोताळा येईपर्यंत मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. पण भांडून झाल्यावर घास वाटायला लागले. खरं सांगते, प्रेमानं नाही, ईर्षेनं लागले. त्याच सुमारास गल्लीत चिकनगुन्याची साथ आली होती. बायकांची बोटं अशी सुजली की भाकर थापणं सोडा, ताटली धरवेना. मी आठ घरं धरली. सकाळी ज्वारीच्या ताकातल्या कण्या नाहीतर मुगाची खिचडी शिजवायची, डब्यांत भरायची आणि घरोघर पोचवायची. अकोल्याची माझी मुलगी फोनवर म्हणायची, "मम्मी, घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी कशाला?" मी म्हणायचे, "भाकरी नाहीत बाई, कण्या आहेत."

त्या आठांतलं एक घर म्हातारीचं. सत्तरी ओलांडलेली, एकटी. मुलगा पुण्याला कंपनीत. तिला साखरेची बिमारी, सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन. आधी स्वतःच टोचून घ्यायची. तापानं बोटं सुजली आणि सुई धरता येईना, तेव्हापासून मी दोन्ही वेळा जाऊन टोचत होते. दवाखान्यातली नवी सिस्टर स्वतःच तापानं पडलेली. म्हातारीला उंबऱ्यापर्यंत चालवत नव्हतं. म्हणजे मी नाही गेले तर दुसरं कुणी नाही, असा मामला होता.

आता तो शब्द. आमच्या माहेरी निम्मं बोलणं मराठीत, निम्मं हिंदीत. लग्नाची मिठाई आम्ही 'बाटायचो', पत्तेही बाटायचो. 'वाटणं' मी शाळेत शिकले, जिभेवर बसलं ते बाटणंच. घरात त्यावर कधी कुणी हसलंही नाही, कारण माझ्या लेकीनं लहानपणापासून तेच ऐकलं. आणि मराठीत बाटणं म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. धर्म सुटणं. तेही ख्रिस्ती बाईच्या तोंडून.

गुरुवारी दुपारी मुलीचा निरोप आला, किती घरं झाली म्हणून. मी गॅसपाशी उभी, हात कण्यांनी बरबटलेले. लिहिणार कुठून? करंगळीनं बटण दाबून बोलले, "आज पाच घरं बाटून झाले. तीन राह्यले, थे होतात संध्याकाळपर्यंत. बुढीच्या घराचं टेन्शन नाई, थे तं आता माह्याच हातात हाय. तिच्या पोराले पुण्यात बसून काय समजते?" आणि पाठवून दिलं. मुलीच्या नावाखालीच नळाचा ग्रुप होता. करंगळी तिथे पडली होती.

मला पत्ताच नाही. संध्याकाळी तीन डबे घेऊन निघाले. पहिल्या घरचं दार मला पाहून बंद झालं. दुसऱ्या घरची वहिनी म्हणाली, "आम्ही जेवलो, सिस्टर." संध्याकाळी साडेपाचला कोण जेवतं? मागे वळून पाहते तर माझ्या फाटकाला दुपारचे पाच डबे ओळीनं अडकवलेले. भरलेले. कुणी झाकणसुद्धा काढलं नव्हतं. तरी मी घरी न वळता म्हातारीकडे गेले, कारण सुईची वेळ झाली होती.

दाराला आतून कडी.

"मावशी, दार उघडा. सुई घ्याची हाय."

"नोको व सिस्टर." आवाज अगदी दारामागून आला. म्हणजे बिचारी सरकत सरकत तिथवर आली होती. "पोराचा फोन आलता. उघडू नोको म्हणे."

"काऊन?"

"मले काय माहीत, माय. तुम्ही फोनावर काई बोलल्या म्हणे." मग हळूच म्हणाली, "तुम्ही मले बाटवलं म्हणे."

मी तिच्या पायरीवर बसून फोन उघडला आणि माझाच आवाज ऐकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ऐकायची हिंमत झाली नाही. पाच घरं बाटून झाले, तीन राह्यले. इतिहासात ध चा मा करणारीनं निदान ठरवून तरी केला होता. मी व चा ब बावळटपणानं केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. ग्रुपवर खुलासा लिहावा म्हणून पाहते, तर मला ग्रुपमधून काढून टाकलेलं. म्हातारीच्या मुलाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग नुसताच लागेना. घरी आले आणि त्या पाच डब्यांमधल्या आंबून गेलेल्या कण्या गाईपुढे ओतल्या. मला राग आला होता, आणि खरं म्हणजे मी घाबरले होते.

इन्शुलिन चुकलं की काय होतं ते मी चौतीस वर्षं पाहिलंय. आधी तहान. मग सारखं लघवीला. मग ग्लानी. मग माणूस हाक मारली तरी ओ देत नाही. गुरुवारची संध्याकाळ चुकली. शुक्रवारी सकाळी मी पुन्हा गेले. दार बंदच. खिडकीच्या फटीतून म्हातारी म्हणाली, "जीभ कोरडी पडून राह्यली, सिस्टर. किती पाणी पिऊ?" टाळूला जीभ चिकटल्यासारखं बोलत होती. मी म्हटलं, "मावशी, पोराचं ऐकू नका, माह्यं ऐका. कडी काढा." ती म्हणाली, "त्यानं शपत घातली व." आणि रडायला लागली. आईला शपथ घालताना लेकराला कळत नाही की ती तहान लागली तरी पाळेल.

समोरच्या घरची वहिनी ओट्यावर उभी राहून पाहत होती. तिच्याच घरी मी सहा दिवस डबा दिला होता. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "पाहून काय राह्यल्या? तुम्ही जा, टोचा तिले. माह्यं काई म्हणणं नाई."

"आम्हाले कुठं येते टोचता?"

"मंग ज्याले येते त्याले तं जाऊ द्या."

ती आत गेली. मुलानं मलकापूरहून कुणाला तरी पाठवतो म्हणून शेजाऱ्यांना सांगितलं होतं. मी दिवसभर फाटकाशी उभी राहून वाट पाहिली. जो येईल त्याच्या पाया पडायची माझी तयारी होती. शुक्रवारची संध्याकाळ झाली, कुणी आलं नाही. तिसरी सुई चुकली.

तेव्हा मी गुरुजींकडे गेले. गल्लीतले निवृत्त मराठीचे मास्तर, सगळे त्यांना मान देतात. त्यांनीही माझं बोलणं ऐकलं होतं. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही तं भाषा शिकवली. तुम्हाले समजलं असंन ना, मी काय म्हणली थे?"

"समजलं. हिंदीतलं बाँटना हाय थे."

"मंग तुम्ही सांगतलं काऊन नाई कोनाले?"

चांगला माणूस, पण गल्लीच्या विरुद्ध पहिलं तोंड कोण उघडेल, या विचारात त्यांनी एक दिवस घालवला होता. मी त्यांना टाकून बोलले. "गुरुजी, बुढी गेली तं व्याकरण मी तुम्हालेच विचारीन." त्यांना ते लागलं. शनिवारी सकाळी मारुतीच्या देवळात चारजण बसवतो, मुलालाही फोनवर घेतो, असं म्हणाले. मी म्हटलं आत्ताच बसवा. पण एकजण शेतात, दुसरा बाजाराला, असं करत सकाळच ठरली.

घरी येऊन गुडघे टेकले. काही मागायला सुचेना. पाळक म्हणाले होते, वाटलं की विश्वास वाढतो. माझा तर होता तोही जायला आला होता. मला वाटलं, प्रभू, मी ईर्षेनं वाटलं म्हणून तू हे केलंस का? मग शिक्षा मला कर ना, तिला कशाला?

सकाळी सभामंडपात सात-आठ माणसं होती. मी पायरीशी उभी राहिले. गुरुजींनी वर या म्हटलं, तेव्हा चप्पल काढून वर जाऊन बसले. मध्ये सतरंजीवर फोन ठेवलेला, त्यात मुलाचा आवाज मोठा करून. गुरुजींनी शब्द समजावून सांगितला. चांगला सांगितला, उदाहरणं देऊन. दोघा-तिघांनी मान डोलावली. एकजण म्हणाला, "हाव, माही मावशी खंडव्याची हाय, थे बी असंच म्हणते." मला वाटलं, सुटले. मी उठायच्या बेतातच होते.

तेवढ्यात फोनमधून मुलगा म्हणाला, "शब्दाचं राहू द्या. समोरच्या काकूनं मले सांगतलं, ह्या सिस्टर सुई द्याच्या आधी डोळे मिटून पुटपुटतात. आईच्या अंगाले हात लावून. थे काय असते, थे सांगा."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

ते काय असतं, हे मला तेव्हा लपवता आलं असतं. मापं मोजते, म्हणायचं. दवाखान्यातली सवय आहे, म्हणायचं. नाही म्हटलं असतं तर दोन मिनिटांत मी म्हातारीच्या उशाशी असते. तिच्या तीन सुया चुकल्या होत्या, एकेक मिनिट मोलाचं होतं. आणि हो म्हटलं तर दार कायमचं बंद. आमच्यात प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याची गोष्ट लेकरांनाही ठाऊक असते. लहानपणी मला त्याचा फार राग यायचा. त्या सतरंजीवर बसून मला त्याची कीव आली. त्याला तर स्वतःचाच जीव वाचवायचा होता, मला दुसऱ्याचा वाचवायचा होता. खोटं बोलायला याहून चांगलं कारण कुठून आणायचं?

पण खोटं बोलून आत गेले असते, तर पुढच्या वेळी कुणीतरी पुन्हा पाहिलंच असतं. आणि मग म्हातारीला खरंच कुणी राहिलं नसतं. शिवाय मला ते जमत नाही. तोंड उघडलं की पोटातलं बाहेर येतं, तोच तर माझा रोग.

"प्रार्थना करते," मी म्हटलं.

मागून कुणीतरी "पाह्य" म्हणालं.

"काय मागता?" मुलानं विचारलं.

"नोकरीले लागली तवा माह्या हातून एका लेकराले सुई चुकीची लागली. पाय सहा महिने वाकडा होता त्याचा. तवापासून कोनालेही टोचाच्या आधी म्हणते, प्रभू, माहा हात सांभाळ. एवढंच. हिंदू असो, मुसलमान असो, माह्यी पोरगी असो. ह्या गल्लीतल्या अर्ध्या लोकाईले मी लहानपणी टोचलं, तवाही म्हटलं. तुम्हालेही म्हटलं असंन, पोलिओच्या टायमाले नाई, तिथं थेंब असतात. गोवराच्या टायमाले."

मुलगा म्हणाला, "मले थे चालत नाई, सिस्टर. आमच्या घरात आमचा देव हाय."

गुरुजींनी मध्ये पडून तोड काढली. सिस्टरनी जावं, सुई द्यावी. मुलानं व्हिडिओवर पाहावं. सिस्टरनी तोंडातून अवाक्षर काढू नये. एक शब्द निघाला तर पुन्हा त्या घरात पाय ठेवायचा नाही. "द्या शब्द," मुलगा म्हणाला. मी दिला. देताना मला संताप आला होता. पण बुढी आधी, संताप मग.

म्हातारीनं कडी काढली आणि तिथेच दाराला टेकून बसली. तिला धरून खाटेवर नेली. बोटातलं रक्त तपासलं, साखर साडेतीनशेच्या पुढे. तिच्या डॉक्टरला मी सकाळीच फोन करून किती द्यायचं ते विचारून ठेवलं होतं, पाणी किती पाजायचं तेही. समोरची वहिनी दारात येऊन उभी राहिली. फोन साखरेच्या डब्याला टेकवला. त्यात मुलाचं तोंड दिसत होतं. रात्रभर झोपला नसावा, दाढी वाढलेली. त्यालाही आईच होती ना ती. हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मी औषध भरलं. हवा काढली. म्हातारीच्या पोटाची चिमूट धरली, आणि माझा हात थरथरायला लागला.

असं कधी झालं नव्हतं. चौतीस वर्षांत नाही. दुसऱ्या हातानं मनगट दाबून पाहिलं, तर तोही थरथरत होता. मनात म्हणावं म्हटलं तर मनातही शब्द येईनात. तोंड बंद ठेवायचं म्हणता म्हणता मी आतूनही बंद झाले होते. मी सुई मागे घेतली.

म्हातारी माझ्याकडे पाहत होती. "आज म्हणत नाई का व?" तिनं विचारलं.

मी मान हलवली आणि डोळ्यांनी फोन दाखवला.

"काय म्हणून राह्यली, आई?" मुलगा म्हणाला. तिनं त्याला उत्तर दिलं नाही. सुजलेल्या बोटांनी तिनं माझं मनगट धरलं. धरताना तिलाच कळ आली असणार, कारण ओठ दाबला. मग डोळे मिटले.

"महादेवा," ती म्हणाली, "हिचा हात सांभाळ, बाप्पा. घाबरून राह्यली थे."

"आमेन," मी म्हटलं.

म्हटलं कुठलं, निघून गेलं. कुणाचीही प्रार्थना संपली की आमेन म्हणायचं, हे बोलायला शिकले तेव्हापासूनचं. आणि हळू नाही, चांगलं खणखणीत निघालं. दारातल्या वहिनीनं तोंडावर हात ठेवला. दिलेला शब्द मोडला होता, सगळ्यांदेखत. मी फोनकडे पाहिलं. आता तो आईला सांगेल, हिला बाहेर काढ, आणि सुई माझ्या हातात भरलेली राहील.

पुण्यातल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"सिस्टर," शेवटी तो म्हणाला. "हात थरथरून राह्यला तुमचा. घाई नोका करू. जराशीक थांबा, मंग टोचा."

मी थांबले. दोन वर्षं मी मागत होते आणि ऐकणारं कुणी नाही असं मला वाटत होतं. त्या खाटेवर बसून मला पक्कं कळलं की ऐकणारा आहे, आणि आत्ता याच खोलीत आहे. माझ्यासाठी आमच्या चर्चबाहेरच्या कुणी असं मागावं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मला रडू आलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. एकात सुई होती, आणि दुसऱ्याचं मनगट म्हातारीनं अजून सोडलं नव्हतं.